भिंगरीची भाषा

मराठीच्या अध्यापकांनी भौतिकशास्त्राच्या वाटेला जाऊ नये असा एक अलिखित संकेत आहे आणि आजवर आम्ही तो निमूटपणे पाळला. या लेखात तो मोडावा लागत आहे. त्याचे कारण एक खेळणे आहे. सोडावॉटरच्या बाटलीचे पत्र्याचे बूच दगडाने चेचून सपाट करायचे, खिळ्याने मधोमध दोन भोके पाडायची, त्यांतून दोरा ओवून गाठ मारायची आणि दोन्ही हातांच्या बोटांत दोरा अडकवून बूच गरगर फिरवायचे. या खेळण्याला कोणी भिंगरी म्हणते, कोणी चकरी. एम. ए.च्या लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी आमचे विद्यार्थी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांतून खेळांचे शब्द गोळा करीत होते. त्यांच्याबरोबर आटगावच्या आसपासच्या पाड्यांवर हिंडताना ती आम्हांला पुन्हा भेटली.

आटगाव हे कसाऱ्याच्या वाटेवरचे, आसनगावच्या पुढचे स्टेशन. जवळच तानसा तलाव आहे. १८९२ पासून त्याचे पाणी पंपाविना, केवळ उताराच्या बळावर मुंबईला जाते. गुरुत्वाकर्षणाचे याहून मोठे प्रात्यक्षिक या जिल्ह्यात नसेल. मात्र ज्यांच्या दारावरून ते पाणी जाते, त्या गावांतल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन चालतात. हे अर्थात विषयांतर झाले.

पाड्यावर एका आठवीतल्या मुलाकडे स्वतः केलेली भिंगरी होती. ती कशी फिरते, असे आम्ही त्याला विचारले. आम्हांला शब्द हवे होते, स्पष्टीकरण नको होते. पण त्याने स्पष्टीकरणच दिले. दोरा ओढला की पीळ सुटतो आणि बूच फिरते, हे तर दिसतेच. खरी गंमत पुढे आहे, असे तो म्हणाला. पीळ पूर्ण सुटला तरी बूच थांबत नाही. ‘दोरा थांबायला सांगतो, पण ती ऐकत नाही,’ हे त्याचे शब्द. ती तशीच फिरत राहते, म्हणून दोऱ्याला उलटा पीळ बसतो. त्या क्षणी हात सैल सोडायचा. आपण ताणूनच धरला तर ती जागच्या जागी मरते. हात सैल करण्याची ही वेळ साधण्यातच सगळा खेळ आहे.

त्याच मुलाची विज्ञानाची चाचणी-वही आम्ही नंतर पाहिली. ‘जडत्व म्हणजे काय?’ या प्रश्नापुढची जागा कोरी होती.

त्या कोऱ्या जागेने आम्हांला या लेखाच्या कामाला लावले. शिक्षकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्या शाळेतले गुरुजी मन लावून शिकवणारे होते आणि त्यांच्या हाती खडू-फळ्याखेरीज काही नव्हते. प्रश्न आमच्या पेशाचा आहे. जो मुलगा जडत्व बोटांनी ओळखतो आणि स्वतःच्या मराठीत नेमके सांगतो, त्याला मराठीतलाच एक शब्द परका का वाटावा? आणि तो शब्द तरी कोठे एक आहे? पाठ्यपुस्तक ‘जडत्व’ म्हणते, तर मराठी विश्वकोश ‘निरूढी’. भोवरा वेग मंदावल्यावर ज्या तऱ्हेने डुलू लागतो, त्याला विश्वकोशात ‘परांचन’ असे नाव आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या टाचणवहीत त्यासाठी ‘डुलतो’ आणि ‘झिंगतो’ असे दोन शब्द होते. भोवरा इतका स्थिर फिरू लागला की फिरतो आहे हे कळू नये, त्या अवस्थेला एका पोराने ‘झोपला’ म्हटले होते. आम्हांला ती कविकल्पना वाटली. पुढे कळले की इंग्रजी भौतिकशास्त्रातही या अवस्थेला भोवऱ्याची झोप असेच म्हणतात. तिथे पोरांचाच शब्द ग्रंथांनी उचलला आणि संज्ञा म्हणून ठेवून दिला. आपल्याकडे ग्रंथांनी पोरांना विचारले नाही.

खेळण्यातून पदार्थविज्ञान शिकवावे ही कल्पना ग्रंथरूपाने मांडणारे एक पुस्तक १८२७ मध्ये लंडनला निघाले. जॉन एअरटन पॅरिस या डॉक्टरने ते निनावी छापले होते. त्याचे तीन खंड होते आणि चित्रे जॉर्ज क्रुकशँकची होती. भोवरा, पतंग, साबणाचे फुगे अशा पोरखेळांतून न्यूटनचे नियम उलगडून दाखवण्याचा तो उद्योग होता. एका बाजूला पक्षी आणि दुसऱ्या बाजूला पिंजरा काढलेली चकती दोऱ्याच्या पिळाने फिरवली की पक्षी पिंजऱ्यात बसलेला दिसतो. हे खेळणे याच पॅरिसने लोकप्रिय केले. पुढे १८९० मध्ये जॉन पेरी यांनी लीड्स येथे कामगारांपुढे केवळ भोवऱ्यांवर व्याख्यान दिले. त्याचे पुस्तक झाले आणि ते आजही वाचले जाते.

पॅरिसचे पुस्तक निघाले त्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नरपद सोडून गेले. मराठीत शालेय ग्रंथ रचण्याची धांदल तेव्हा ऐन भरात होती. १८३०च्या दशकात हरी केशवजी यांचा ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ आला. त्यांनीच मिसेस मार्सेट यांच्या रसायनशास्त्रावरील संभाषणांचा मराठी अवतार सिद्ध केला. मार्सेटबाईंचे मूळ पुस्तक वाचून मायकेल फॅरडे नावाचा एक बुकबाइंडरचा उमेदवार विज्ञानाकडे वळला होता, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे मराठी विज्ञानगद्याची सुरुवातच संवादाने झाली. बोलण्याच्या रूपाने, प्रश्नोत्तरांतून शास्त्र सांगण्याची ही रीत चांगलीच होती. परंतु त्या शीर्षकाकडेच पाहावे. ‘संवाद’ हा त्यातला शेवटचा शब्द आहे, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी मुलाला एक लांबलचक सामासिक डोंगर चढावा लागतो. हरी केशवजींना याबद्दल बोल लावणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे शब्दच नव्हते. ते संस्कृतातून घडवावे लागले. आमची तक्रार आहे ती नंतरच्या दीडशे वर्षांबद्दल. शब्द घडवण्याची जुनी निकड सरल्यावरही आपण संवाद वाढवला नाही, समास मात्र वाढवले.

या दीडशे वर्षांत अपवाद झालेच नाहीत असे नाही. १९२८ मध्ये पुण्यात सुरू झालेले ‘सृष्टिज्ञान’ मासिक आणि त्याचे एक प्रवर्तक, भौतिकीचे प्राध्यापक गो. रा. परांजपे, हे त्यांतले ठळक नाव. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे काम सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु तो सारा व्यवहार मुख्यतः वाचणाऱ्यांचा होता. ज्याच्या घरी मासिक येत नाही त्याच्यासाठी कोणी काय केले, हे शोधताना आम्हांला फार लांब जावे लागले नाही. आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये गेलेल्या भागात, ते काम झाले होते.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीचे काम करून आल्या होत्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. या दोघींची अंगणवाडी आणि कुरणशाळा यांच्याविषयी बहुतेकांना ठाऊक असते. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. माँटेसरीची साधने महाग असत. ती सुबक, लाकडी, रंगवलेली आणि बहुधा परक्या मापांची होती. वारली मुलांच्या बालवाडीला ती परवडणारी नव्हती. म्हणून बिया, गारगोट्या, शिंपले, पाने, काड्या, बांबू हीच साधने झाली. लहान-मोठे, जड-हलके, बुडते-तरंगते हे सगळे त्यांतून शिकवले गेले. हे गरिबीतले अनुकरण नव्हते. आम्ही त्याला रचनेचा निर्णय मानतो. माँटेसरीबाईंच्या साधनामागचा विचार त्यांनी घेतला आणि साधन सोडून दिले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर नेणाऱ्या बायकांना खेळणे रानातून आणणे अवघड का वाटावे? पण शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत कुरणशाळेला मिळते ती जागा या बिया-शिंपल्यांना मिळत नाही.

यापुढचा टप्पा महाराष्ट्राबाहेर, मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात घडला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ मध्ये तिथल्या सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम आरंभला. १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्यात पसरला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. या उपक्रमाचा महाराष्ट्राशी असलेला एक धागा म्हणजे अरविंद गुप्ता. बरेलीचा हा तरुण १९७५ मध्ये कानपूरच्या आय. आय. टी.तून अभियंता झाला आणि पुण्याला टेल्कोत ट्रक बनवण्याच्या कामावर रुजू झाला. १९७८ मध्ये एका वर्षाची रजा काढून ते होशंगाबादला गेले. तिथल्या आठवडी बाजारात फिरताना त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दिसली. तिचे लहान तुकडे कापायचे आणि त्यांत आगपेटीच्या काड्या खोचायच्या, की सांधे तयार होतात. काड्यांचा त्रिकोण केला तर तो कसाही दाबला तरी आकार सोडत नाही. चौकोन मात्र लगेच कलतो. कर्ण म्हणून एक काडी तिरकी बसवली की चौकोनही ताठ होतो. घराच्या कैच्या आणि पुलाच्या कमानी त्रिकोणांच्या का असतात, हे मुलाच्या बोटांना यातून कळते. यावर आधारलेले त्यांचे काड्यांच्या प्रतिकृतींचे पुस्तक १९८७ मध्ये आले आणि अनेक भारतीय भाषांत गेले.

ट्रक घडवणाऱ्या अभियंत्याने काडीचा सांधा घडवावा, यात आम्हांला एक सुखद औचित्य दिसते. मात्र ‘टाकाऊतून टिकाऊ’ या चावून चोथा झालेल्या घोषणेत या कामाची बोळवण करू नये. व्हॉल्व्हची नळी निवडण्यामागे कचरा वापरण्याची हौस नव्हती. ती लवचीक होती, काडीला घट्ट धरून ठेवत होती, प्रत्येक गावात सायकलच्या दुकानात मिळत होती आणि मोडली तरी कोणी रागावणार नव्हते. यांतली शेवटची अट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या उपकरणाचा सगळा इतिहास ‘मोडेल’ या भीतीचा आहे. आमच्यापैकी एकाच्या शाळेत चुंबकसूची होती; दहा वर्षांत ती मुलांनी काचेतूनच पाहिली.

२००३ पासून २०१४ पर्यंत गुप्ता पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. तिची इमारत पु. ल. देशपांडे यांच्या स्मृतीशी निगडित आहे आणि तिचे नाव ‘पुलस्त्य’ आहे. पुलस्त्य हा सप्तर्षींतला एक तारा, आणि नावात पु. ल. दडलेले. भाईंना ही कोटी आवडली असती. तिथे शेकडो खेळण्यांच्या कृती आणि छोट्या चित्रफिती तयार झाल्या, मराठीतही झाल्या, आणि त्या कोणीही फुकट वापराव्यात म्हणून खुल्या ठेवल्या गेल्या. २०१८ मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली. या सर्व काळात त्यांनी एक गोष्ट वारंवार सांगितली, की यांतली पुष्कळ खेळणी आपली नव्हेत, ती लोकांची आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले सुदर्शन खन्ना यांनीही हेच केले होते. साध्या वैज्ञानिक तत्त्वांवर चालणाऱ्या भारतीय लोकखेळण्यांचा त्यांचा संग्रह १९८३ मध्ये ग्रंथरूपाने आला. जत्रेत विकल्या जाणाऱ्या, कर्त्याचे नाव नसलेल्या कागदी-बांबूच्या खेळण्यांकडे त्यांनी कलाकुसर म्हणून न पाहता यंत्ररचना म्हणून पाहिले. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने ओवीकडे पाहावे तसे हे पाहणे आहे: कर्ता अज्ञात, पाठभेद अनेक, आणि प्रत्येक पाठभेदाला कारण.

भिंगरीचे पाठभेद आम्ही नंतर मुद्दाम गोळा केले. शर्टाच्या बटणाची भिंगरी वेगाने फिरते पण लवकर थांबते, कारण तिला वजन नाही. बुचाची सावकाश वेग घेते पण टिकते. चेचताना कडेला दात राहिले तर दोरा तुटतो, म्हणून कड दगडावर घासायची. दोन्ही भोके मध्यापासून सारख्या अंतरावर हवीत. नाहीतर ती थरथरते आणि भोकाशी दोरा झिजतो. भोके फार जवळ पाडली तर दोन दोऱ्यांत चकती नीट उभी राहत नाही. पुठ्ठ्याची चकती एकेरी असेल तर वाकते. दोन चिकटवल्या तर चालते. कडेला एक आडवे भोक ठेवले तर ती वाजते. यांतली एकही गोष्ट कोणी कोणाला वर्गात शिकवलेली नाही, आणि यांतल्या प्रत्येकीला भौतिकशास्त्रात एकेक प्रकरण आहे.

हे आम्ही कौतुकाने लिहीत आहोत, परंतु कौतुकात एक धोका असतो. ‘अशिक्षितांचे उपजत ज्ञान’ असे म्हणून डोळे मिटले की काम संपते, आणि तो मुलगा चाचणीत नापासच राहतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने हा धोका ओळखला होता. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या ग्रामीण शाळांत काम केले, आणि विज्ञानात मुले मागे पडण्याचे एक मोठे कारण पुस्तकाची भाषा हे आहे, असा विचार प्रयोगानिशी पुढे आणला. तोच आशय सोप्या मराठीत दिला तर मुलांचे आकलन सुधारते, हे त्यांनी दाखवले. आश्चर्य याचे, की मराठीच्या एकाही अभ्यासमंडळावर आम्हांला या कामाची चर्चा ऐकू आली नाही. बोलीवर आम्ही परिसंवाद घेतो, प्रमाणभाषेच्या वर्चस्वावर निबंध वाचतो. पण ते वर्चस्व ‘बल व दाब’ या धड्यात शिरून एका मुलाचे गुण कापते, तिकडे आमचे लक्ष जात नाही. कारण तो विषय ‘सायन्सवाल्यांचा’.

आम्हीही वेगळे नव्हतो. त्या पाड्यावरच्या शाळेत एकदा भिंगरीचा तास घ्यावा, असे ठरवून आम्ही एक तक्ता करून नेला. त्यावर सुंदर अक्षरांत ‘स्थितिज ऊर्जा’, ‘गतिज ऊर्जा’, ‘जडत्व’ आणि त्यांच्या व्याख्या होत्या. तास साफ फसला. मुले तक्त्याकडे पाहू लागली आणि हातातल्या भिंगऱ्या थांबल्या. दुसऱ्या खेपेला तक्ता नेला नाही. मुलांनी आधी आपापले सांगावे, ते फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहावे आणि अखेरीस गुरुजींनी प्रत्येक वाक्याशेजारी पुस्तकातला शब्द लिहावा, असा क्रम ठेवला. ‘ऐकत नाही’ याच्या समोर ‘जडत्व’ लिहिले गेले तेव्हा तो मुलगा एवढेच म्हणाला, ‘हेच होय ते?’

त्या दिवशी आम्ही मुलांना भिंगरीची आणखी एक गोष्ट सांगितली. रक्तातले घटक वेगळे करायला दवाखान्यात सेंट्रिफ्यूज नावाचे गरगर फिरणारे यंत्र लागते. त्याला वीज हवी आणि पैसेही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनु प्रकाश हे भारतात वाढलेले संशोधक युगांडात गेले असताना त्यांना एका दवाखान्यात असे एक यंत्र दार अडवायला ठेवलेले दिसले, कारण वीज नव्हती. परत आल्यावर त्यांनी आणि साद भामला या सहकाऱ्याने फिरणारी खेळणी तपासायला घेतली आणि ते भिंगरीपाशी थांबले. दोऱ्याच्या पिळाचे गणित मांडून त्यांनी कागदाची चकती, दोरी आणि दोन टोकांना मुठी एवढ्यावर एक उपकरण तयार केले. त्याची माहिती जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. हाताने ओढून ही भिंगरी मिनिटाला १,२५,००० फेरे घेते आणि दीड मिनिटात रक्तातला द्रव वेगळा करते. तिचा खर्च वीस सेंट, म्हणजे त्या वेळचे तेरा-चौदा रुपये.

मुलांना आनंद झाला. आम्हांला वाटले, आता कोणी विचारेल की अमेरिका किती लांब आहे, किंवा त्या माणसाला बक्षीस किती मिळाले. त्या मुलाने विचारले, ‘दोरा कोणता लावला त्यांनी? आमचा साधा तर लगेच तुटतो.’ मासे धरायची दोरी, असे आम्ही सांगितले. इतके आम्हांला वाचून ठाऊक होते.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा पावसाळा सरत आला होता. त्याच्या भिंगरीला तंगूस लावलेला होता. तो बोटाला कापतो, म्हणून दोन्ही टोकांना त्याने बांबूच्या चिपा बांधल्या होत्या.